मुलांच्या महागड्या फुटबॉल प्रशिक्षणाची फी वसूल होते का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी 11 वर्षांची, तीन वर्षांपासून क्लबात खेळतेय, आठवड्याला दोन सराव आणि एक मॅच. आता एका ॲकॅडमीने तिला घ्यायची तयारी दाखवली आहे. तिथे चार दिवस सराव आणि शिवाय आठवड्याला एक वैयक्तिक तास. फी सध्याच्या सहापट. तिथल्या कोचनी सांगितलं की मुलीत चमक आहे, पण 12 च्या आत पाया पक्का झाला नाही तर मग उशीर होईल. मिस्टरांना ही लूट वाटते. तुम्हाला वाटतं की नाही म्हटलं तर उद्या पोरीचं नुकसान केल्याची रुखरुख लागेल. म्हणून विचारताय की एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का.

मी वीसेक वर्षं मुलांना फुटबॉल शिकवतोय. त्यातली सहा-सात वर्षं माझं घर अशाच महागड्या वैयक्तिक तासांवर चाललं. तेव्हा पुढचं सगळं या धंद्याच्या आतल्या माणसाने लिहिलंय, हे लक्षात ठेवून वाचा.

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. तिथे गेल्याने ती आत्तापेक्षा चांगली खेळेल का? त्यातून पुढे काही मोठं घडेल का? आणि आपण नाही म्हटलं तर आपण वाईट आईबाप ठरू का? पहिल्याचं उत्तर मैदानाशेजारी बसून बऱ्यापैकी शोधता येतं. दुसऱ्याचं 11 व्या वर्षी कोणालाच देता येत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून जपून राहा. तिसऱ्या प्रश्नाचा फुटबॉलशी काही संबंध नाही, पण माझा अनुभव असा की बहुतेक फी त्याच प्रश्नापायी भरली जाते. मीही ती घेतलेली आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. ही फी भरताना घरातलं दुसरं काही मागे पडणार आहे का? दुसरं भावंड आहे का, आणि त्याच्या वाट्याचं काय? सध्याच्या क्लबात तिला खेळायला मिळतं की ती बाकावर बसते? पैशाची अजिबात ओढाताण नसेल आणि मुलगी उड्या मारत जाणार असेल, तर माझं उत्तर वाचायचीही गरज नाही, खुशाल पाठवा. ओढाताण होणार असेल तर मात्र फीच्या बदल्यात नक्की काय हातात पडतंय ते नीट बघायला हवं.

ते बघायची माझी पद्धत अगदी साधी आहे. एक घड्याळ घ्या आणि ॲकॅडमीच्या एखाद्या नेहमीच्या सत्राला जाऊन बसा. पालकांना दाखवायला ठेवलेलं खास सत्र नको, एरवीचं कुठलंही. तिथलं एक मूल निवडा, शक्यतो ना सगळ्यात चांगलं ना सगळ्यात कच्चं. ते मूल बॉलशी खेळत असेल किंवा चालू खेळात धावत, जागा शोधत असेल तेव्हा घड्याळ चालू. रांगेत उभं असेल, सरांचं ऐकत असेल, सरावाला मांडलेले प्लॅस्टिकचे कोन गोळा करत असेल, बुटाची नाडी बांधत असेल, की घड्याळ बंद. शेवटी आकडा बघा.

हा प्रयोग मी पहिल्यांदा दुसऱ्या कोणावर केला नाही. माझ्याच सत्रात एका सहकाऱ्याला घड्याळ घेऊन बसवलं होतं. 75 मिनिटांचं सत्र, आणि त्याने निवडलेल्या मुलाच्या वाट्याला खेळ आला 19 मिनिटं. बाकीचा वेळ रांग, पाणी, आणि मुख्य म्हणजे माझं भाषण. मला त्या काळात भाषण फार आवडायचं. पालक कठड्यापाशी उभे राहून माना डोलवायचे, मला वाटायचं काय शिकवतोय आपण! त्या 19 मिनिटांनी माझी झोप उडवली.

रांगेचा हिशेब तर कागदावरही करता येतो. 12 मुलांची एक रांग, प्रत्येकाला कोनांमधून बॉल नेऊन गोलवर मारायला 10 सेकंद. म्हणजे एका मुलाची पाळी दोन मिनिटांनी. 20 मिनिटांच्या सरावात दहा पाळ्या, एकूण 100 सेकंद. रंगीत कोन, जमिनीवर अंथरायच्या शिड्या, एकसारखे गणवेश, सगळं असतं. फक्त बॉल नसतो. याच 12 मुलांचे चार-चारचे तीन संघ करा, दोन संघ छोट्या गोलांवर खेळू द्या, तिसरा बाजूला दोन-दोन असा खेळू द्या आणि दर चार मिनिटांनी बदला. खर्च तेवढाच, पण त्या 20 मिनिटांत प्रत्येक जण जवळजवळ पूर्ण वेळ खेळात असतो.

यामागचं कारण समजून घ्या. मोठ्या मैदानावर अकरा-अकराच्या मॅचमध्ये व्यावसायिक खेळाडूच्या पायाशीसुद्धा 90 मिनिटांत बॉल दोन-तीन मिनिटांच्या वर क्वचितच असतो. लहान मुलांना तसं खेळवलं की त्यांच्या वाट्याला धावणं येतं, बॉल येत नाही. म्हणून तर अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने 2017 पासून वयानुसार संघ लहान केले. 8 वर्षांखालच्या मुलांना चार-चार, 10 खालच्यांना सात-सात आणि 12 खालच्यांना नऊ-नऊ. जर्मनीने 2024-25 च्या हंगामापासून लहान वयोगटांत छोटे संघ आणि छोटी मैदानं बंधनकारक केली. बेल्जियमने हे त्याआधी किती तरी वर्षं सुरू केलं होतं. सगळ्यांचा हिशेब एकच आहे: जितकी माणसं कमी, तितके बॉलला पाय जास्त आणि तितके निर्णय जास्त.

आता त्या घड्याळातल्या आकड्याने फी भागा. सहापट फी भरून तिला आठवड्याला क्लबच्या दुप्पट खेळ मिळत असेल, तर एका मिनिटाला तुम्ही तिप्पट पैसे मोजताय. ते मोजायला हरकत नाही, पण मग ते मिनिट तिप्पट चांगलं हवं. आणि चांगलं मिनिट कसं ओळखायचं, तिथे खरी मेख आहे.

एका मुलाबद्दल सांगतो. वय साडेअकरा, माझ्याकडे आला तेव्हा दोन वर्षं कुठेतरी वैयक्तिक प्रशिक्षण घेऊन आला होता. वडिलांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला: आठ कोन, बॉल पायाला चिकटवल्यासारखा, डावा-उजवा, तळव्याने मागे, पुन्हा पुढे. बघतच राहावं असं. मी त्याला लगेच पाच-पाचच्या खेळात उतरवलं. पहिला बॉल त्याच्याकडे आला, त्याने खाली बघून तो छान थांबवला, आणि मान वर करेपर्यंत एका बारक्या पोरीने तो काढून नेलासुद्धा. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्याने बॉल घेतलाच नाही, तो मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहिला. दोन वर्षांत त्याला कोन चुकवायला शिकवलं होतं. कोन अंगावर येत नाहीत, पाय घालत नाहीत, आणि कोनाच्या पलीकडे पास द्यायला कोणी मोकळं आहे का हेही बघावं लागत नाही. त्यामुळे बॉल येण्याआधी आजूबाजूला बघायचं असतं, ही सवयच त्याला लागली नव्हती.

नॉर्वेचे संशोधक गेइर यॉर्डेट यांनी याच गोष्टीवर वर्षानुवर्षं काम केलंय. बॉल येण्याआधीच्या काही सेकंदांत खेळाडू किती वेळा मान वळवून बघतो, हे त्यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंच्या चित्रणावरून मोजलं. जे जास्त वेळा बघतात त्यांचे पुढे दिलेले पास जास्त यशस्वी होतात, असं त्यांना दिसलं. हे कोनांसमोर शिकता येत नाही. त्यासाठी समोर प्रतिस्पर्धी लागतो, बाजूला सोबती लागतो आणि चूक करायची मोकळीक लागते. म्हणून सत्र बघताना स्वतःला एवढंच विचारा: या सरावात मुलांना काही ठरवावं लागतंय, की सगळं आधीच ठरलेलं आहे? थोडा वेळ कोन असायला माझी ना नाही, मीही वापरतो. पण अर्ध्याहून जास्त सत्र त्यातच जात असेल तर ते प्रशिक्षण दिसायला सुंदर असतं, एवढंच.

कान पण उघडे ठेवा. काही कोच सत्रभर ओरडत असतात: "दे! दे! आत्ता मार! मागे जा! अगं मागे!" यात मुलं खेळत नाहीत, कोच खेळत असतो, मुलं नुसती त्याची बटणं. असे कोच पालकांना आवडतात, कारण मेहनत दिसते. दुसरा प्रकार शांत असतो. मुलीने चुकीचा पास दिला की तो खेळ थांबवत नाही. पुढच्या विश्रांतीला तिच्याजवळ जाऊन विचारतो, "तेव्हा तुला काय दिसलं होतं?" ती म्हणते, "मला वाटलं ती मोकळी आहे." तो म्हणतो, "मग ती कधी मोकळी राहिली नाही?" एवढंच बोलून तो निघून जातो. या दुसऱ्या कोचला सहापट फी असेल तर मी माझ्या पोरांना पाठवीन.

कोचच्या लायसन्सबद्दल लोक फार विचारतात. सी, बी, ए असे टप्पे असतात, युरोपात युएफा या महासंघाचे आणि आशियात एएफसी या महासंघाचे. लायसन्स असणं चांगलंच, त्यातून निदान अभ्यास केलाय हे कळतं. पण भिंतीवर ज्याचं प्रमाणपत्र आहे तोच माणूस तुमच्या मुलीच्या गटासमोर उभा राहणार आहे का, ते विचारा. मोठ्या परदेशी क्लबाच्या नावाने चालणाऱ्या ठिकाणी हे आणखी खोदून विचारा. नाव वापरायचा परवाना मिळतो, त्याबरोबर त्या क्लबाचे कोच येतातच असं नाही. मुलीला शिकवणार तो माणूस, जर्सीवरचं चिन्ह नव्हे.

आता वैयक्तिक तास. हा माझाच धंदा होता, म्हणून जरा सविस्तर. एकास एक प्रशिक्षणाचा उपयोग होतो, पण तो औषधासारखा घ्यायचा असतो: अमुक तक्रार, अमुक दिवस, मग बंद. डावा पाय फक्त उभं राहायला वापरते? लांब बॉल मारताना अंग मागे जातं आणि बॉल आभाळात? गोलकीपर आहे आणि डाव्या बाजूला झेप घ्यायला घाबरते? दुखापतीनंतर परत येतेय? अशा गोष्टींना सहा-आठ तास, प्रत्येक तासाला घरी करायचा ठरलेला सराव, आणि शेवटी सुधारणा झाली की नाही हे दोघांनी मिळून बघणं. एवढ्यात काम होतं. "सर्वांगीण विकासासाठी वर्षभर" एकास एक म्हणजे तुम्ही बॉल परत करणारा एक फार महाग माणूस ठेवलाय.

एकदा मी एका वडिलांना आठव्या तासानंतर सांगितलं की आता पुरे, डावा पाय सुधारलाय, बाकी सगळं तो खेळात शिकेल. ते जरा नाराज झाले. त्यांना वाटलं मला त्यांच्या मुलात रस उरला नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांनी दुसरा कोच गाठला. तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी शेवटचा तास कुठला ते ठरवून टाकतो.

बॉल परत करायचं काम तर भिंतही करते. दर तीन सेकंदांना एक स्पर्श धरला तर दहा मिनिटांत 200 स्पर्श, आठवड्यातून पाच दिवस केलं तर हजार. एक दिवस फक्त डावा पाय. एक दिवस बॉल मारून तो परत यायच्या आत खांद्यावरून मागे बघायचं आणि मागे ठेवलेल्या दोन वस्तूंपैकी कुठली डावीकडे आहे ते ओरडून सांगायचं. हे खेळून बघायला लावा तिला. आवडलं तर ती स्वतःहून रोज करेल. नाही आवडलं तर तेही तुम्हाला बरंच काही सांगून जाईल.

मग "12 च्या आत नाही तर उशीर" याचं काय? त्यात थोडं तथ्य आहे. 9 ते 12 या वयात मुलं पायांची नवी हालचाल पटकन उचलतात, हे कुठलाही कोच सांगेल. पण त्या वयानंतर दार बंद होतं, हे मात्र विक्रीचं वाक्य आहे. उलट 11 व्या वर्षी जी चमक दिसते तिच्यात बराच भाग वाढीचा असतो. मुलींची उंची सर्वात झपाट्याने वाढते ती साधारण 12 च्या आसपास, मुलांची दीडदोन वर्षं उशिरा. एकाच वर्गातल्या दोन मुलींमध्ये शरीराने दोन-तीन वर्षांचं अंतर असू शकतं. शिवाय वयोगटाची तारीख असते. 1 जानेवारीची तारीख असेल तर जानेवारीत जन्मलेली आणि डिसेंबरमध्ये जन्मलेली एकाच गटात. 11 व्या वर्षी ते जवळजवळ एक वर्ष म्हणजे आयुष्याचा अकरावा भाग झाला. कॅनडात रॉजर बार्न्सली यांनी 1980 च्या दशकात आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखांमध्ये हे दाखवलं, मग फुटबॉलमध्ये देशोदेशी तेच सापडलं: निवडलेल्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेले जास्त. मुलींमध्ये हा फरक मुलांइतका ठळक दिसत नाही, पण असतो. तुमची मुलगी गटात थोरली आणि उंच असेल तर तिची आजची आघाडी पुढच्या दोन वर्षांत आटू शकते. धाकटी आणि बारकी असून चमकत असेल तर तिच्याकडे खरोखर काहीतरी आहे. कोणती आहे, ते तुम्ही लिहिलं नाही.

उशिराची उदाहरणं तुम्हीही ऐकली असतील. इंग्लंडच्या हॅरी केनला आर्सेनल क्लबाने लहानपणीच सोडून दिलं. तिथल्याच जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडे क्लबाने 16 व्या वर्षी काढलं, तो कारखान्यात काम करत खालच्या पातळीवर खेळत राहिला आणि 2016 मध्ये लेस्टर क्लबाबरोबर प्रीमियर लीग जिंकला. फ्रान्सच्या ग्रीझमनला तिथल्या क्लबांनी बारका म्हणून परत पाठवलं, तो स्पेनमध्ये जाऊन शिकला आणि फ्रान्सकडून 2018 चा वर्ल्ड कप जिंकला. मार्टा ब्राझीलमधल्या एका लहान गावात रस्त्यावर मुलांबरोबर खेळून वाढली, 14 व्या वर्षी रिओच्या वास्को द गामा क्लबात गेली आणि पुढे सहा वेळा जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. पण ही नावं मी तुम्हाला धीर द्यायला सांगत नाहीये. अशी संधी हुकलेली आणि मग कधीच न दिसलेली मुलं अगणित आहेत, त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात. मला एवढंच दाखवायचंय की ज्यांचं पोट फक्त खेळाडू ओळखण्यावर चालतं, त्या क्लबांनाही त्या वयात ओळखता आलं नाही. मग एका ट्रायलमध्ये तुमच्या मुलीला बघून कोणी ठामपणे भविष्य सांगत असेल, तर त्याला एक प्रश्न विचारा: ट्रायलला किती जणी आल्या होत्या आणि किती जणींना तुम्ही नाही म्हणालात? फी भरायची तयारी असलेल्या सगळ्याच निवडल्या गेल्या असतील तर ती निवड नव्हे, प्रवेश आहे.

शरीराचा भाग थोडक्यात, पण तो टाळू नका. ॲकॅडमीचे चार दिवस, वैयक्तिक तास, क्लबची मॅच, शाळेतला खेळ, हे सगळं एका कागदावर मांडा आणि तासांची बेरीज करा. वाढत्या मुलांसाठी डॉक्टर एक ढोबळ नियम सांगतात: आठवड्यातले संघटित सरावाचे तास वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत. 11 वर्षांची असेल तर 11 तास. वाढीच्या वेगात टाचेचं दुखणं आणि गुडघ्याच्या वाटीखालचं दुखणं फार येतं, त्यांना सेव्हर आणि ऑस्गुड-श्लाटर अशी नावं आहेत. अशा वेळी सराव कमी करणारा कोच हवा, "सहन कर" म्हणणारा नको. मुलींमध्ये वयात येताना गुडघा स्थिर ठेवणाऱ्या एसीएल या अस्थिबंधाची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते. त्यासाठी फिफाचा 11+ नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्मअप आहे, फुकट मिळतो, आणि नियमित केला तर दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात असं अनेक अभ्यासांत दिसलंय. ॲकॅडमीत तो किंवा तसा काही होतो का, ते सत्राची पहिली 20 मिनिटं बघून कळेल. मुलं आल्या आल्या गोलवर जोरजोरात बॉल मारायला लागत असतील तर समजून जा. आणखी एक, हेडिंग, म्हणजे डोक्याने बॉल मारणं. अमेरिकेत 10 आणि त्याखालच्या मुलांना ते बंद आहे, 11 ते 13 मध्ये सरावात मर्यादित आहे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने 2020 मध्ये प्राथमिक शाळेच्या वयात सरावातून ते काढून टाकलं. 11 वर्षांच्या मुलींना ओळीत उभं करून डोक्याने बॉल मारायला लावणारी जागा मी तरी टाळेन, मग बाकी सगळं कितीही झकास असो.

खर्चाच्या बाजूला फक्त फी लिहू नका. बूट, गणवेश, बाहेरच्या स्पर्धा, येण्याजाण्याचा वेळ, तुमचे शनिवार-रविवार, तिची झोप, हेही लिहा. आणि हे पैसे पुढे शिष्यवृत्तीच्या किंवा करारपत्राच्या रूपाने परत येतील, हा विचार मनात असेल तर तो आजच काढून टाका. पैशाच्या परताव्याची अपेक्षा घरात असली की मुलांना ती बोलून न दाखवताही कळते. हरलेल्या मॅचनंतर परतीच्या वाटेवर गाडीत जी शांतता पसरते, तिच्यातून कळते. माझ्याकडच्या एका मुलीने 14 व्या वर्षी खेळ सोडला. आईला म्हणाली, "तुमचे खूप पैसे गेले ना." ती चांगली खेळायची हो. मी तिला परत आणायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? वर्षाची फी एकदम भरली नसती. एक महिना, फार तर तीन महिने मागितले असते. त्यातही वैयक्तिक तास बाजूला ठेवून चारपैकी दोनच दिवस घेता येतात का ते विचारलं असतं. सध्याचा क्लब सोडला नसता, कारण तिथे तिच्या मैत्रिणी आहेत आणि तिथे ती नक्की खेळते. मोठ्या ठिकाणी बाकावर बसून मिळणारी इभ्रत 11 व्या वर्षी काही कामाची नसते. सुरुवातीला कोचना विचारलं असतं की तीन महिन्यांत तिच्यात नेमकं काय बदललेलं दिसेल. "आत्मविश्वास वाढेल" असं उत्तर आलं तर सावध. "डाव्या पायाने पहिला टच घेऊन ती पुढे वळायला लागेल" असं आलं तर त्यांनी मुलीला नीट बघितलंय. सहा-सहा महिने थांबून बघू म्हणणारा कोच मला आवडतो, पण असा कोच सहसा "उशीर होईल" असं म्हणत नाही.

मिस्टरांना सांगा की ते पूर्ण बरोबर नाहीत. महाग म्हणजे लूटच असं नसतं. चार-चारचे छोटे खेळ, कमी बोलणारा पण नेमकं बोलणारा कोच, वाढीकडे लक्ष, ठरलेली उद्दिष्टं, आणि सत्र संपल्यावरही मुलगी मैदानातून बाहेर यायला तयार नाही, असं सगळं दिसलं तर ती फी वाजवी आहे. रांगा, कोन, आरडाओरडा, भविष्यवाणी आणि वर्षभराची आगाऊ रक्कम असं दिसलं तर सध्याच्या क्लबाला एक भिंत आणि एक बॉल जोडा आणि उरलेले पैसे ठेवा.

तपासायचं कसं, ते सांगून थांबतो. आता एक मॅच मोबाइलवर चित्रित करा आणि तीन महिन्यांनी दुसरी. दोन्ही वेळा कॅमेरा बॉलच्या मागे फिरवू नका, फक्त तिच्यावर ठेवा, बॉल तिच्यापासून लांब असतानाही. मग दोन्ही शेजारी लावून बघा: बॉल यायच्या आधी ती किती वेळा मान वळवते, बॉल मागते की लपते, आणि बॉल गमावल्यावर पुढच्या पाच सेकंदांत काय करते. हवं तर पहिला व्हिडिओ झाला की मला कळवा, बरोबर कुठे बघायचं ते सांगेन.